खरं कुणाला सांगितलंत, दाजी?

दाजी, परवा तुमचा तेरावा झाला आणि गोडाचं जेवण जिरायच्या आत आम्ही सगळे तुमच्यावरून भांडलो. मांडव अजून सोडला नव्हता. आचारी बाहेर पातेली घासत होता. आत तुमची बायको, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, तुमचे थोरले भाऊ आबा, मुंबईहून आलेल्या तुमच्या ऑफिसातल्या देशमुखबाई आणि तुमची एकुलती एक लेक गौरी, अशी चौघं जणं तुमच्या तोंडची चार वेगळी वाक्यं एकमेकांना ऐकवत होती. प्रत्येकाचं पालुपद एकच, 'मला ते स्वतः म्हणाले होते.' मी खांबाला टेकून ऐकत होतो. गेलेल्या माणसाचा राग करू नये म्हणतात, पण मला तुमचा राग आला.

भांडण कशाचं ते तुम्हाला ठाऊक असणारच. गौरीला तुमच्याच खात्यातून बोलावणं आलंय. तुम्ही जन्मभर जे केलंत तेच काम: अणुवीज केंद्रांना लागणारं युरेनियम जगाच्या पाठीवरून मिळवायचं, आणि देशाची वीज कुणा एकाच्या मर्जीवर लटकणार नाही हे बघायचं. जायचं की नाही ते या आठवड्यात कळवायचंय. अक्का आणि आबा नको म्हणतात, गौरीला जायचंय, पण बापाच्या मनाविरुद्ध जायचं नाही. आता बापाच्या मनात काय होतं ते कुणी सांगायचं? तुम्ही नाही, आणि तुमची वाक्यं मात्र चार. हा घोळ तुमच्या हातून झाला की तुम्ही मुद्दाम घातलात, एवढंच मला विचारायचंय. रडणंबिडणं अक्कापाशी बसून झालंय.

मी संशयी माणूस, हे तुम्हीच चारचौघांत सांगायचात. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात उभी हयात घातल्यावर माणूस दुसरं काय होणार? आमच्याकडे उसाची नोंद करून, चहा पाजून, पाया पडून शेतकरी दुसऱ्या दिवशी तोच ऊस शेजारच्या कारखान्याला घालतो आणि रस्त्यात भेटला की पुन्हा रामराम करतो. त्यामुळे तुमच्या मातीला मुंबईहून पांढरी गाडी आली, तेव्हा मी आधी तिचा नंबर बघून ठेवला. त्यातून उतरलेली माणसं हात जोडून उभी होती, खरी हळहळत होती. तरी त्यातला एक जण पाणी प्यायला घरात गेला तर मी त्याच्यामागे गेलो. तो बिचारा पाणीच प्याला.

गावाचं तर विचारू नका. तुम्ही लिंबाखाली खुर्चीत बसल्या बसल्या गेलात, डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहून दिला, पण काष्टीला तो अटॅक फार साधा वाटला. 'युरेनियम बाधलं साहेबांना,' असं पारावर ठरून गेलं. तुम्ही त्या पिवळ्या भुकटीचं पिंपसुद्धा जन्मात उचललं नसेल, तुमचं सगळं काम टेबलावरचं, हे मी सांगून दमलो. मग मलाच शंका आली आणि मी जाऊन डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "अहो, त्यांना शुगर होती, आणि चहात साखर सोडवत नव्हती." म्हणजे बाधलीच असेल तर माझ्या कारखान्याची साखर बाधली. हे तुम्हाला ऐकायला मिळालं असतं तर वर्षभर पुरवून वापरलं असतंत.

रिटायर होऊन तुम्ही काष्टीला राहायला आलात, तेव्हा आमच्या बाजाराला तुमची गंमत कळली. तीन बायकांकडून पावपाव किलो टोमॅटो. वांगी तशीच, भेंडी तशीच. हळूहळू सगळ्या भाजीवाल्या तुम्हाला 'पावशेर सायब' म्हणायला लागल्या. त्यातल्या एकीनं मी बरोबर असताना विचारलं, "सायब, माझ्या मालात काय खोट हाय का? समदं एकदम का घेत न्हाई?"

"खोट नाही, मावशी. उद्या तुमचा टेम्पो नाही आला तर माझी अडचण नको."

"टेम्पो न्हाई आला तर टोमॅटो न्हाई खायचं एक दिस! त्यात काय मरतंय मानूस?"

तुम्ही इतके हसलात की बाई ओशाळली. घरी आल्यावर अक्कानं ते तीन जातीचे टोमॅटो चिरले आणि म्हणाली, "ह्यांच्या घरात भाजी एका रंगाची कधी शिजायची न्हाई." तुम्ही मान डोलावलीत. पुढच्या बाजाराला पुन्हा तीन दुकानं.

ही खोड कुठून आली ते तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत. नोकरीत होतात तोवर तोंड शिवलेलं. अक्कानं विचारलं, कुठं चाललात, तर 'दौऱ्यावर.' कुठल्या गावाला, तर 'थंडीत.' बस. एकदा त्या थंडीतून तुम्ही केसाळ टोपी घेऊन आलात आणि मी अक्कासमोरच विचारलं, "दाजी, तिकडं आमची दुसरी अक्का आहे का काय?" अक्का हसली, पण त्यानंतर ती टोपी तिनं ट्रंकेच्या तळाशी घातली ती घातलीच. टोपी कझाकस्तानची होती हे तुम्ही रिटायर झाल्यावर सांगितलंत, तेही राष्ट्रीय गुपित फोडल्यासारखं इकडे तिकडे बघून. अहो, ते तर पेपरात छापून आलेलं होतं.

मग मात्र लिंबाखाली तुमची जीभ सुटली. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा तारापूरची गोष्ट जुन्या माणसांच्या तोंडी ताजी होती. अमेरिकेनं इंधन द्यायचा शब्द दिला, त्यावर आपण केंद्र उभं केलं, मग आपण पोखरणला पहिली चाचणी केली आणि त्यांनी हात आखडत आखडत पुरवठा बंद केला. पुढे फ्रान्सकडून आणलं, मग चीनकडून, मग रशियाकडून. मी म्हणालो, "म्हणजे दारोदार हिंडलात की."

"दारोदार हिंडणं परवडलं, पाव्हणं," तुम्ही म्हणालात. "एक दार बंद झालं तेव्हा कळलं, दुसऱ्या दाराची ओळखच करून ठेवलेली न्हाई. ओळख नसताना दार वाजवलं की समोरचा आधी आपली गरज बघतो."

आणि मग तुमच्या उमेदीच्या वर्षांतली ती गोष्ट, अणुकराराच्या आधीची. केंद्रं धडधाकट, माणसं तयार, पण आपल्या खाणींचं युरेनियम पुरेना, म्हणून भट्ट्या मंद आचेवर चालवायच्या. हे सांगताना तुमचा आवाज बदलायचा. गव्हाणीत टाकायला ऊस नसला की कारखान्याचा जो रिकामा घरघराट होतो तो मी ऐकलेला आहे, त्यामुळे तुम्हाला काय झालं असेल ते मला बरोबर कळलं. त्या दिवशी मी तुमची चेष्टा केली नाही.

एरवी सोडत नव्हतो. माझा मुद्दा साधा होता. तुमचा वर्षाचा माल एका गोदामात मावतो, मग भरपूर आणून भरून ठेवा आणि झोपा निवांत. तुम्ही म्हणायचात, साठा हवाच, पण साठ्यावर झोपणारा माणूस जागा होतो तेव्हा कणगी रिकामी असते. मी म्हणायचो, मग घरच्या खाणी खणा, ते थोरियम का काय ते आपल्या समुद्रकाठी रग्गड आहे ते वापरा, बाहेरच्या दहा जणांपेक्षा घरचा एक बरा. त्यावर तुम्ही स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली आणायचात. "घरचं पाहिजेच. पण घरचं रुसलं तर बाहेरच्यापेक्षा अवघड असतं. बाहेरच्याला बदलता येतं."

आतून अक्काचा आवाज यायचा, "ऐकू येतंय मला!"

आमचे वडील, तात्या, गेले तेव्हाची एक गोष्ट मी कधी बोलून दाखवली नाही. तुम्ही कुठल्याशा देशात होतात. फोन केलात आणि काही बोलला नाहीत. मीही काही बोललो नाही. तुम्ही फोन ठेवला नाहीत, तसेच लाईनवर राहिलात. तिकडे कुणीतरी परक्या भाषेत तुम्हाला बोलवत होतं, ते मला ऐकू येत होतं, आणि तुम्ही जात नव्हतात. मी तेव्हा काय म्हणालो असेन? 'बिल किती यायचं दाजी, ठेवा आता.' एवढंच सुचलं. आज सांगतो, त्या फोननं मला धीर आला.

आता मुकादमांचं सांगतो, कारण ते सांगायला हवं. तुम्ही नोकरीत असताना सुट्टीवर आला होतात आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, एका दुकानावर विसंबायचं नाही ही तुमची विद्या मलाही येते. त्या हंगामात माझ्या गटातल्या ऊसतोडीला मी तीन मुकादम धरले होते, तिघे पाथर्डीकडच्या तीन वेगळ्या गावांचे, तिघांच्या टोळ्या वेगळ्या. एक टोळी पळाली तरी दोन राहतील असा हिशेब. आणि एका सकाळी तिन्ही टोळ्या एकदम गावाकडे निघाल्या. त्यांच्या झोपड्यांत, कोपीवर बोंबलायला माणूस नाही. चौकशी केली तर एका मुकादमाची मुलगी दुसऱ्या मुकादमाच्या मुलाला दिलेली, आणि तिसरा नवरीचा सख्खा मामा. लग्न तिघांच्याही घरचं. मी जाताना एकाला रस्त्यात गाठलं तर तो उलट मलाच म्हणाला, "सायब, तुमाला पत्रिका दिली हुती की! तुमीच उघडली न्हाई."

तुम्ही हसून हसून डोळे पुसलेत. मग एकदम गप्प झालात आणि नंतर जेवतानाही गप्प होतात. मला वाटलं, बरोबर आहे, मेहुण्याची फजिती आता घास घास पुरवून खाणार. तसं झालं नाही. तुम्ही तो विषयच पुन्हा काढला नाहीत, आणि तेव्हाच मला संशय आला होता.

तो परवा फिटला. देशमुखबाई, आता तुमच्या खुर्चीत बसतात त्या, मांडवात शिरल्या शिरल्या मला म्हणाल्या, "लग्नवाले मामा तुम्हीच का?" मी म्हणालो, कुठलं लग्न? तर त्यांनी सांगितलं की कुठल्याही नव्या देशाशी, नव्या कंपनीशी बोलणी पुढे सरकली की साहेब फाईल मिटून एकच विचारायचे, 'हे सगळे एकाच लग्नाला तर जाणार नाहीत ना?' खाणी वेगवेगळ्या देशांत असतात, पण माल एकाच रेल्वेनं, एकाच बंदरातून निघतो. किंवा बंदरं वेगळी, पण माल शुद्ध करणारा कारखाना एकच. कागदावर चार विकणारे दिसतात आणि एक फाटक बंद झालं की चौघेही घरी बसतात. त्या म्हणाल्या, साहेबांनी हा प्रश्न आम्हाला इतका लावला की आता आम्ही तो न विचारता सही करत नाही.

म्हणजे माझी फजिती तुम्ही उचलून थेट सरकारी टेबलावर नेऊन ठेवलीत, आणि मला कळवलंही नाहीत. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, ही बाई हे मला आजच का सांगतेय? गौरीनं तिकडे यावं म्हणून मामाला गूळ लावतेय का? ती आत गेल्यावर मी तिचं वाक्य उलटसुलट करून बघितलं. खरंच वाटतं. तरी माझं मत होतं तेच राहिलं, की पोरीनं जाऊ नये.

हो, माझंही मत तेच होतं. तुमच्यापासून आता काय लपवायचं? माझी बहीण मी बघितलीय. तुम्ही वाईट नव्हतात, पण तुमच्या पोटातलं ओठावर येत नव्हतं, आणि तिनं त्याच्यासकट संसार केला. शेजारणी विचारायच्या, साहेब कुठं गेलेत, तर ती म्हणायची, 'थंडीत.' लोकांना वाटायचं ही विनोद करते. आता तिच्या लेकीनंही तसंच व्हायचं?

तर परवाचं भांडण. आबांनी सुपारी कातरता कातरता तोंड उघडलं. "माझ्यापाशी बोलला हुता त्यो. म्हनला, आबा, पोरगी लांब नगं. श्रीरामपुरात कालेजात जागा निगनार हाय, तिथं चिकटव. आता त्यो गेला म्हनून त्येचा शब्द मोडायचा व्हय?"

अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मला म्हनले, हिला अशी नोकरी बघ, की घरी आल्यावर आज काय केलं ते घरच्यांना सांगता येईल." आणि तिनं पदर तोंडाला लावला. म्हणजे तुम्हाला कळत होतं, दाजी. इतकी वर्षं तिला काय वाटत असेल ते कळत होतं, आणि कळून तुम्ही तिला हे असं आडून सांगितलंत.

मग देशमुखबाई. त्यांचा नाइलाज दिसत होता, घरच्या भांडणात बाहेरच्या माणसानं पडू नये हे त्यांना समजत होतं, पण आबांनीच छेडलं म्हणून बोलल्या. "साहेबांनी शेवटचा फोन केला तेव्हा म्हणाले होते, ती आली तर माझी मुलगी म्हणून वागवू नका, चुकली तर रागवा. आता, येऊ नये असं वाटणारा माणूस असं कशाला म्हणेल?"

आणि गौरी. डोळे कोरडे, आवाज तुमच्यासारखा. "मला बाबा म्हणाले, जा. जेवत होतो आम्ही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ताटात बघत म्हणाले, जा."

"ताटात बघत म्हनला म्हंजी मनात नव्हतं त्येच्या," आबा म्हणाले.

"आबा, ते सगळंच ताटात बघून बोलायचे!"

मग जो गलका झाला तो मी लिहीत नाही. दोघं जा म्हणणारी, दोघं नको म्हणणारी, आणि चौघांच्याही हातात तुमचा शब्द. कुणी खोटं बोलत होतं का? मी एकेकाचा चेहरा बघितला. मुकादमांचे चेहरे वाचून वाचून माझे केस पांढरे झालेत, मला खोटं बोलणारा लगेच कळतो. चौघंही खरं बोलत होती. म्हणजे खोटं कुणी बोललं असेल तर ते तुम्ही.

इथं माझं डोकं भणाणलं. मी सांगतो मला काय दिसलं. आबांना पोरगी जवळ हवी होती, त्यांना तुम्ही श्रीरामपूर दिलंत. अक्काला बोलणारी लेक हवी होती, तिला तुम्ही तसं दिलंत. बाईंना चांगला माणूस हवा होता, त्यांना तसं. गौरीला जायचं होतं, तिला 'जा' दिलंत. ज्याला जे गोड लागतं ते त्याच्या ताटात वाढून तुम्ही हात धुऊन मोकळे झालात. खरेदीच्या खात्यात सगळ्या विकणाऱ्यांना खूश ठेवायची सवय लागते, ती तुम्ही घरात आणलीत, असा माझा पहिला संशय. आणि खरं सांगू, तो मला फार लागला. मी तुम्हाला भित्रा समजत नव्हतो.

दुसरा संशय त्याच्या पाठोपाठ आला. तुमच्यासारखा माणूस एकच शब्द एकाच माणसाकडे ठेवून जाईल का? आबांना एकट्यांना तुमचं 'नको' ठाऊक असतं, तर त्यांनी त्या एका शब्दावर पोरीला जन्मभर बांधून ठेवली असती. अक्कापाशी असतं तर तिनं रडून थांबवलं असतं. गौरीपाशी एकटीला 'जा' असतं तर उद्या तिकडे काही बिनसल्यावर ती म्हणाली असती, बापानं पाठवलं. तुम्ही चौघांना चार शब्द दिलेत, म्हणजे एकाच्याही शब्दाला वजन राहू नये. मेल्यावरही कुणी तुमच्या नावाचा मक्ता घेऊ नये, ही सोय. यात मला तुम्ही दिसलात, पावशेर टोमॅटोवाले. पण दाजी, मला हेही पटवून घ्यायचं नाही, कारण हे फार छान दिसतं, आणि फार छान दिसणाऱ्या उसात हमखास आत पोकळ पोंगा निघतो.

मी या विचारात होतो आणि गौरी माझ्याकडे वळली.

"मामा, तुम्ही तर रोज यायचात. बाबा सगळ्यात जास्त तुमच्याशी बोलायचे. तुम्हाला काय म्हणाले?"

आबांचा अडकित्ता थांबला. दोन विरुद्ध दोन झालं होतं आणि आता माझं वाक्य ज्या बाजूला पडेल तिकडे पारडं जाणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. अक्का माझ्याकडे बघत होती. लहानपणी मार चुकवायला माझ्याकडे बघायची तशी.

आणि माझ्याजवळ काही नव्हतं, दाजी. मी डोकं खाजवून बघितलं. दोन उन्हाळे, दोन हिवाळे तुमच्यासमोर त्या लिंबाखाली बसलो. कझाकस्तान झालं, कॅनडा झालं, रशियाची बंदरं झाली, माझे मुकादम झाले, शेवटच्या दिवशी तर थोरियमवरून मी तावातावानं उठलो आणि तुम्ही 'बसा, चहा येतोय' म्हणत असताना ट्रॅक्टरवाल्याला गाठायला निघून गेलो. पण गौरीच्या नोकरीबद्दल तुम्ही माझ्यापाशी अवाक्षर काढलं नव्हतंत. जगाला काही ना काही सांगितलंत, आणि मला काही नाही. चारचौघांसमोर मला ते असं कळलं. तुमच्या जाण्यानं रडलो नव्हतो इतकं तेव्हा भरून आलं.

एक वाक्य पुरलं असतं. 'मलाही नकोच म्हणाले होते.' कुणी ताडून बघणार नव्हतं. अक्का शांत झाली असती, आबांनी मान हलवली असती, गौरीनं ऐकलं असतं, कारण ती माझं ऐकते. माझं मतही तेच होतं. आणि मला खोटं बोलता येत नाही असं कुणी म्हणू नये, ऊस आणायला मी देवाची शपथ घेऊन खोटं बोललोय.

"मला काही बोलले न्हाईत," मी म्हणालो.

"काहीच?"

"एक शब्द न्हाई."

गौरीचे डोळे भरले, पहिल्यांदाच. म्हणाली, "मग ठरलं. मी जाते."

"आगं, कसं काय ठरलं?" आबा.

"आबा, बाबांना मामांशी न बोलता चैन पडायचं का? टोमॅटोवरून भांडायचे ते. ज्यावर मत असेल त्यावर मामांशी भांडले नाहीत असं एकदा तरी झालंय? याच्यावर नाही भांडले. म्हणजे त्यांनी ठरवलंच नव्हतं. माझ्यावर सोडलं होतं." मग ती अक्काजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी सांगत जाईन. जेवढं सांगता येईल तेवढं रोज सांगत जाईन." अक्कानं तिचा हात धरला, सोडला नाही, आणि नाहीही म्हणाली नाही. आबा सुपारी तोंडात टाकून उठले.

ती सोमवारी निघतेय. मीच स्टेशनवर सोडायला जाणार आहे. त्या खात्याबद्दलचा माझा संशय गेलेला नाही, तिला तसं सांगितलंय, तिनं 'बाबांनाही तुम्हाला बदलता आलं नाही' म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली.

पण परवापासून मी दुसराच शोध घेतोय. तुम्ही मला मुद्दाम रिकामं ठेवलंत, हे आता मी धरून चाललोय. शेवटी माझ्याकडे विचारणा येणार हे तुम्हाला दिसत होतं. माझं मत नकोचं आहे हेही तुम्हाला न सांगता ठाऊक होतं. मग मी खोटं बोललो असतो तर? तर पोरगी इथं राहिली असती आणि तुमची चारी वाक्यं पाण्यात गेली असती. इतका सावध माणूस तुम्ही, त्याची काहीतरी तजवीज केली असणारच. मी अक्काला विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले होते का. नाही म्हणाली. आबांना विचारलं. देशमुखबाईंना मुंबईला फोन केला. गौरीला फिरवून फिरवून विचारलं. कुणापाशी काही नाही. मी घसरलो तर मला धरायला तुम्ही कुणालाच ठेवलं नव्हतंत.

एकाच माणसावर इतकं विसंबून राहायचं असतं का, दाजी?